जोडणं आणि सोडवणं : रायबोसोम घडतो तेव्हा



पावाचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टची एक पेशी जोमात वाढत असते, तेव्हा ती दर मिनिटाला सुमारे दोन हजार रायबोसोम तयार करते. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले जोनाथन वॉर्नर यांनी १९९९ साली हा हिशेब मांडला. पेशीत साधारण दोन लाख रायबोसोम असतात आणि एका पेशीच्या दोन व्हायला शंभरेक मिनिटं लागतात. भागाकार केला की हे उत्तर येतं. त्या काळात पेशीत जेवढं आरएनए तयार होत असतं, त्यातलं साठ टक्के एकट्या रायबोसोमसाठी खर्ची पडतं. एवढी शक्ती पेशी दुसऱ्या कशावरही लावत नाही.

रायबोसोम काय करतो, हे आपण शाळेत शिकतो. संदेशवाही आरएनए वाचायचा आणि त्यानुसार अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून प्रथिन तयार करायचं. पुस्तकातल्या आकृतीत एक लहान आणि एक मोठा असे दोन गोळे एकमेकांवर बसलेले दिसतात आणि पान उलटलं जातं. ते दोन गोळे आले कुठून, हा प्रश्न राहूनच जातो. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रसायनशास्त्र शिकवत. बंध कसा जुळतो हे सांगून झालं की तो तोडायला किती ऊर्जा लागेल, हा आकडा ते लगेच शेजारी लिहीत. त्यांच्या दृष्टीने पहिली गोष्ट दुसरीवाचून अपुरी होती. रायबोसोमच्या घडणीचा अभ्यास करताना मला तेच पुनःपुन्हा दिसत आलं आहे. हा प्रचंड रेणू जसा जोडण्यातून उभा राहतो, तसाच वेळच्या वेळी सोडवण्यातूनही. चुकून जुळलेलं सोडवायचं. आणि मुद्दाम, तात्पुरतं जुळवलेलंही काम झाल्यावर सोडवायचं. हे सोडवण्याचं काम करणारी प्रथिनं म्हणजे आरएनए हेलिकेज.

आधी आकाराची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे. ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग ३०एस आणि मोठा ५०एस. लहान भागात १५४२ अक्षरांचा एक आरएनए आणि त्यावर बसलेली एकवीस प्रथिनं. मोठ्या भागात २९०४ अक्षरांचा एक आरएनए, १२० अक्षरांचा दुसरा आणि तीसहून अधिक प्रथिनं. आपल्या पेशींत हे सगळं आणखी वाढतं : प्रथिनांची संख्या ऐंशी होते आणि चार आरएनए मिळून सात हजारांच्या पुढे अक्षरं भरतात. वजनाने पाहिलं तर रायबोसोम हा मुख्यतः आरएनएच आहे. अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याची रासायनिक क्रियाही आरएनएच घडवतो, प्रथिनं नव्हेत. २००० साली रायबोसोमची अणुपातळीवरची रचना हाती आली तेव्हा हे निर्विवाद झालं. त्या कामासाठी २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल थॉमस स्टाइट्झ, अदा योनाथ आणि वेंकटरमण रामकृष्णन यांना मिळालं. रामकृष्णन यांचं बालपण आणि पदवीपर्यंतचं शिक्षण बडोद्याचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती भौतिकशास्त्राची. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले.

पण पूर्ण झालेली रचना पाहून ती कशी उभी राहिली हे कळत नाही. त्यासाठी आपल्याला मागे, १९६८ सालात जायला हवं. विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासु नोमुरा आणि पीटर ट्राउब यांनी ई. कोलायचा ३०एस भाग पूर्ण सुटा केला. आरएनए एका नळीत, प्रथिनं दुसरीत. मग दोन्ही पुन्हा एकत्र केली आणि काम करणारा ३०एस भाग परत मिळाला. बाहेरून कोणाची मदत नाही, वेगळी ऊर्जा नाही. रायबोसोम स्वतःच स्वतःला घडवतो, असा निष्कर्ष त्या काळी निघाला आणि तो योग्यच होता.

मात्र त्या प्रयोगातली एक अट मला निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. मिश्रण थंड ठेवलं तर काम अर्ध्यावर थांबायचं. काही प्रथिनं आरएनएवर बसायची, पण कण अपुराच राहायचा. तो चाळीस अंश सेल्सिअसला तापवला की त्याच्या आत काहीतरी हलायचं, आकार बदलायचा आणि मगच उरलेली प्रथिनं बसायची. पुढे १९७४ साली क्नूड नीरहाउस आणि फर्डिनांड डोमे यांनी मोठा ५०एस भाग असाच जुळवला, तेव्हा तर आधी चव्वेचाळीस आणि मग पन्नास अंशांवर मिश्रण ठेवावं लागलं. जिवंत जिवाणूत हेच काम सदतीस अंशांवर काही मिनिटांत होतं. आणि ई. कोलाय वीस अंशांनाही वाढतो. मग परीक्षानळीतली उष्णता जे करत होती, ते पेशीत कोण करतं?

नोमुरा यांनी यातून एक सुंदर तर्क काढला. घडणीच्या वाटेवर जर असा उष्णता मागणारा चढ असेल, तर त्या वाटेत बिघाड झालेले जिवाणू गरम जागी कसेबसे तग धरतील, पण थंडीत अडकतील. म्हणून थंडीत न वाढणारे जिवाणू शोधायचे. १९६९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून क्रिस्टीन गथ्री यांनी असे उत्परिवर्तित जिवाणू शोधून काढले. त्यांच्यातल्या बऱ्याच जिवाणूंत रायबोसोमच अर्धवट राहत होते. गथ्री तेव्हा विद्यार्थिनी होत्या. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी आरएनएच्या कापाजोडीवर जे संशोधन केलं, त्यात हेलिकेजांना फार मोठं स्थान मिळालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. थंडीला अडखळणारी पेशी दिसली की आरएनए कुठेतरी अडकलाय असं समजावं, ही नजर त्यांना त्या पहिल्या कामातच लाभली होती.

आरएनए अडकतो म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. आरएनएची अक्षरं चार. ए-यू आणि जी-सी या जोड्या जमतात. जी-यू ही जोडीही चालते. हजारो अक्षरांच्या लांब धाग्यात प्रत्येक तुकड्याला आपला योग्य जोडीदार कुठेतरी दूर असतो, पण जवळपास जुळण्यासारखे उपरेही अनेक असतात. त्यात धागा एका टोकाकडून तयार होत बाहेर पडतो. पहिल्या तुकड्याचा खरा जोडीदार अजून जन्मलाही नसतो, तेव्हा तो मिळेल त्याच्याशी जुळतो. अशी दहा-बारा जोड्यांची चुकीची गाठ सदतीस अंशांवर आपोआप सुटायला फार वेळ लागू शकतो. थंडीत तर ती अधिकच घट्ट होते. दोन मिनिटांत हजारो कण घडवणाऱ्या पेशीला इतकी वाट पाहणं परवडत नाही.

अशा गाठी हेलिकेज सोडवतात, आणि हे काम ते एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून करतात. यातलं सर्वांत मोठं कुटुंब ‘डेड-बॉक्स’ या नावाने ओळखलं जातं. ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटॅमिक आम्ल, ॲलॅनिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक आम्ल हा क्रम त्या सगळ्यांत आढळतो; त्यांची एकेक अक्षरी चिन्हं ओळीने लिहिली की डी-ई-ए-डी होतं. पॅट्रिक लिंडर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली या कुटुंबाची ओळख करून दिली. अशा प्रथिनाचे दोन गोलसर भाग एका लवचीक दुव्याने जोडलेले असतात. एटीपी आणि आरएनए हाती लागले की ते दोन भाग मिटतात आणि त्या मिटण्यात आरएनएचा एक धागा तीव्र कोनात वाकवला जातो. वाकलेल्या धाग्याला जोडीदाराबरोबर समांतर राहता येत नाही, म्हणून तिथल्या काही जोड्या तुटतात. एटीपीचं विघटन झालं की पकड ढिली होते आणि प्रथिन निघून जातं. म्हणजे ऊर्जेचा खर्च मुख्यतः हात सोडवून घेण्यासाठी. डीएनएचे अनेक हेलिकेज धाग्यावरून पुढे पुढे सरकत शेकडो अक्षरं उलगडतात. डेड-बॉक्स प्रथिनं तसं करत नाहीत. ती एका जागी उतरतात, थोडक्या जोड्या सोडवतात आणि जातात. रायबोसोम घडवताना नेमकं हेच हवं असतं. उगीच दहा-वीस जोड्या जास्त उलगडल्या, तर तोवर झालेली जुळणीच विस्कटेल.

यीस्टमध्ये रायबोसोमच्या घडणीत भाग घेणारे असे सुमारे वीस हेलिकेज आहेत. त्यांतला ‘डीआरएस१’ सापडला तो पिट्सबर्गला, जॉन वूलफर्ड यांच्या प्रयोगशाळेत, १९९२ साली. आणि सापडला तो पुन्हा थंडीत न वाढणारं यीस्ट शोधतानाच. असा बिघाड डोळ्यांनी कसा दिसतो, ते सांगतो, कारण या विषयात काम करणारा प्रत्येक जण आयुष्यभर ते चित्र पाहत असतो.

पारदर्शक नळीत साखरेचं द्रावण भरतात. तळाशी पन्नास टक्के, वरच्या तोंडाशी दहा टक्के, मध्ये हळूहळू कमी होत गेलेलं. सगळं बर्फात. त्यावर पेशींचा अर्क थेंबाथेंबाने असा सोडतात की थर ढवळला जाऊ नये. मग ती नळी मिनिटाला जवळजवळ चाळीस हजार फेऱ्यांच्या वेगाने काही तास फिरवतात. जड कण खाली जातात, हलके वर राहतात. नंतर द्रावण संथपणे अतिनील किरणांसमोरून पुढे नेतात आणि आलेख उमटत जातो. निरोगी यीस्टमध्ये आधी ४०एसचा, म्हणजे यीस्टच्या लहान भागाचा, छोटा उंचवटा, मग मोठ्या भागाचा, म्हणजे ६०एसचा, मग दोन्ही जोडलेल्या ८०एसचा उंच सुळका आणि त्यापुढे एका संदेशावर दोन, तीन, चार रायबोसोम बसल्याचे ओळीने कंगोरे. डीआरएस१सारखा हेलिकेज निकामी झाला की ६०एसचा उंचवटा खचतो आणि ४०एसचा वर चढतो. शिवाय पुढच्या प्रत्येक कंगोऱ्याच्या खांद्यावर एक छोटा जादा कंगोरा उगवतो. तो असतो संदेशावर बसून राहिलेल्या एकट्या ४०एसचा; त्याला जोडीदार मिळत नाही, कारण मोठे भाग घडणंच कमी झालेलं असतं. एका आलेखावरून पेशीचं दुखणं असं स्पष्ट वाचता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

यीस्टच्या आणि आपल्याही पेशींना केंद्रक असतं. त्यांच्यात हे काम कुठे सुरू होतं, ते आता पाहू. केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचा गडद ठिपका असतो. रायबोसोमचे भाग घडायला सुरुवात होते ती तिथे. १९६९ साली ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी एका उभयचर प्राण्याच्या अंडपेशीतलं न्यूक्लिओलस उलगडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मधोमध डीएनएचा धागा आणि त्यातून दोन्ही बाजूंना फुटलेले, लांब होत गेलेले आरएनएचे धागे त्यात दिसले. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक गाठोडं होतं. ते गाठोडं म्हणजे रायबोसोमच्या घडणीची पहिली अवस्था आहे, हे निश्चित व्हायला पुढे तीस-एक वर्षं गेली.

माणसाच्या पेशीत रायबोसोमच्या आरएनएचा हा मूळ धागा तेरा हजारांहून अधिक अक्षरांचा असतो. त्यातली सुमारे सात हजार अक्षरं रायबोसोमात राहतात, बाकीची कापून टाकली जातात. हे कापणं, दुमडणं, प्रथिनं चढवणं या कामात यीस्टमध्ये दोनशेहून अधिक मदतनीस प्रथिनं आणि पंचाहत्तरच्या आसपास छोटे आरएनए गुंतलेले असतात. तयार रायबोसोमात यांतला एकही सापडत नाही. सगळ्यांनी यायचं, काम करायचं आणि निघून जायचं.

या छोट्या आरएनएंपैकी ‘यू३’कडे मी आपलं लक्ष वेधतो. लहान भागाच्या आरएनएच्या मधोमध एक अवघड वळण आहे. धाग्याचं सुरुवातीचं टोक हजारेक अक्षरं पुढे असलेल्या तुकड्याशी तिथे गुंफलं जातं. सगळ्या लहान भागाचं रूप त्या गुंफणीवर टिकून असतं. ती फार लवकर झाली तर बाकीचे प्रदेश दुमडायला जागाच मिळणार नाही. म्हणून यू३ आधी येऊन त्या सुरुवातीच्या टोकाशी स्वतः जोडी जमवून बसतो. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात, तसं हे आहे. ते लवकर काढलं तर स्लॅब खाली येईल. काढलंच नाही तर त्या खोलीत कोणाला राहता येणार नाही. यू३ला तिथून काढणारा हेलिकेज म्हणजे ‘डीएचआर१’. टेक्सास विद्यापीठातल्या आर्लन जॉन्सन यांच्या गटाने २०१५ साली हे दाखवून दिलं. डीएचआर१चं काम बंद पाडलं की यू३ अर्धवट कणांना चिकटून राहतो आणि पुढचं सगळं थांबतं. हा हेलिकेज डेड-बॉक्सचा नव्हे, त्याच्या भावकीतला. तो धागा धरून एका दिशेने ओढतो. त्याला कामाला लावतं ते ‘यूटीपी१४’ नावाचं दुसरं प्रथिन. २०२० साली म्युनिक, हायडलबर्ग आणि बीजिंगच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या अवस्थांची एकापाठोपाठ चित्रं मिळवली. त्यात डीएचआर१ यू३पाशी येऊन बसलेला दिसतो आणि भोवतीची प्रथिनं टप्प्याटप्प्याने निघून गेलेली दिसतात.

इथवर मी आरएनएच्या चार अक्षरांविषयी बोललो. पण तयार रायबोसोममधला आरएनए निव्वळ चार अक्षरांचा नसतो. १९५१ साली वाल्डो कोन आणि एलियट व्होल्किन यांना आरएनएत एक पाचवा घटक सापडला. त्याला आज स्यूडोयुरिडिन म्हणतात. त्यात यू हे अक्षर तेच असतं, फक्त शर्करेशी ते वेगळ्या बाजूने जोडलेलं असतं, आणि त्यामुळे त्याला एक जादा हायड्रोजन बंध करता येतो. दुसरा सर्रास आढळणारा बदल म्हणजे शर्करेवर बसवलेला छोटासा मिथिल गट. यीस्टच्या रायबोसोममध्ये असे शंभरावर बदल आहेत, माणसाच्या रायबोसोममध्ये दोनशेहून अधिक. ते कुठेही विखुरलेले नसतात. जिथे संदेश वाचला जातो आणि जिथे अमिनो आम्लं जोडली जातात, त्या रायबोसोमच्या गाभ्यात ते दाटीने असतात.

हजारो अक्षरांतून नेमकं अमुकच अक्षर बदलायचं, हे विकराला कळतं कसं? याचं उत्तर १९९६ आणि ९७ साली मिळालं. फ्रान्समध्ये तमाश किश आणि जाँ-पिएर बाशेलरी यांच्या गटांनी आणि अमेरिकेत मॉरिल फोर्निये यांच्या गटाने ते शोधलं. प्रत्येक जागेसाठी एक वाटाड्या आरएनए असतो. त्यातला दहा-वीस अक्षरांचा तुकडा रायबोसोमच्या आरएनएशी जुळतो. मिथिल गट बसवणाऱ्या वाटाड्यांत ‘डी’ नावाची एक ठरावीक खूण असते. तिच्यापासून मोजलेल्या पाचव्या अक्षराच्या जोडीदारावर मिथिल गट बसतो. पाचवंच, चौथं नाही, सहावं नाही. विकर एकच, फिब्रिलॅरिन. जागा सांगणारे वाटाडे डझनावारी. निसर्गातल्या ज्या थोड्या यंत्रणा मला निव्वळ देखण्या वाटतात, त्यांत मी ही फार वर धरतो.

पण आता अडचण पाहा. वाटाड्या रायबोसोमच्या आरएनएशी दहा-वीस जोड्यांनी जुळला. मिथिल गट बसला. आता तो वाटाड्या तिथून जाणार कसा? एवढ्या जोड्या आपोआप सुटणार नाहीत. आणि तो गेला नाही तर तो तुकडा त्याच्या खऱ्या जोडीदाराशी जुळू शकत नाही. आरएनएवरचे रासायनिक बदल आणि हेलिकेज हे दोन विषय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पेशीत ते इथे एकमेकांना भिडतात. एडिंबरो इथे डेव्हिड टॉलर्वी यांच्या प्रयोगशाळेत आणि नंतर ग्योटिंगनला मार्कुस आणि कॅथरिन बोनसाक यांच्याकडे या प्रश्नावर चिकाटीने काम झालं. २००९ साली टॉलर्वींच्या गटाने एक पद्धत विकसित केली. जिवंत पेशींवर अतिनील किरण सोडायचे, म्हणजे ज्या क्षणी प्रथिन आरएनएला स्पर्श करत असेल त्याच क्षणी ते तिथे पक्कं चिकटतं. मग त्या जागेचा क्रम वाचून ते नेमकं कुठे बसलं होतं ते शोधायचं. त्यातून एकेका हेलिकेजची जागा कळू लागली. आरओके१ हा हेलिकेज एसएनआर३० नावाच्या आरएनएला सोडवतो. पीआरपी४३ मोठ्या भागाच्या आरएनएवरून वाटाड्यांच्या एका घोळक्याला सोडवतो आणि हाच पीआरपी४३ संदेशवाही आरएनएच्या कापाजोडीतही काम करतो. कधी कुठे जायचं, हे त्याच्याबरोबर असलेली सहायक प्रथिनं ठरवतात.

२०२१ साली आलेला डीबीपी३चा निकाल मला या सगळ्यात विशेष बोलका वाटतो. हा हेलिकेज काढून टाकला तर मोठ्या भागाच्या आरएनएवरच्या काही जागी मिथिल गट बसण्याचं प्रमाण कमी होतं. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. सोडवणारा गेला तर बदल अधिक पक्का व्हायला हवा. कारण असं, की आरएनएच्या त्या पट्ट्यात शेजारच्या जागांचे वाटाडे एकमेकांच्या अंगावर येतात. एकाने जागा अडवून ठेवली तर दुसऱ्याला बसताच येत नाही. पहिल्याला वेळेवर उठवणारा डीबीपी३ असतो, म्हणून दुसऱ्याचं काम होतं. सोडवणं थांबलं की जोडणंही थांबतं, हे याहून स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

हे बदल हवेत कशाला, याचं उत्तर सरळ नाही. यीस्टमधला एखादा वाटाड्या काढून टाकला तर बहुतेक वेळा पेशी मजेत वाढते. एकाच भागातले तीन-चार बदल एकदम काढले की मग रायबोसोम मंदावतो. जिवाणूंत लहान भागातला १६एस आरएनए कोराच घेतला तरी तो भाग नळीत बऱ्यापैकी घडतो. पण रेचेल ग्रीन आणि हॅरी नोलर यांनी दाखवलं की मोठ्या भागाच्या गाभ्यातल्या ऐंशी-एक अक्षरांच्या पट्ट्यातले बदल नसतील, तर ई. कोलायचा मोठा भाग काम करण्याइतका घडत नाही. माझं मत विचाराल तर एकेका बदलाचा अर्थ शोधत बसणं फारसं फळणार नाही. त्यांचं बळ समूहात आहे.

एक बदल मात्र अपवाद आहे आणि तो मला फार विचार करायला लावतो. लहान भागाच्या शेवटच्या टोकाजवळ शेजारशेजारच्या दोन ‘ए’ अक्षरांवर प्रत्येकी दोन मिथिल गट असतात. जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सर्वत्र. ते बसवणारं विकर जिवाणूत केएसजीए, यीस्टमध्ये डिम१. यीस्टमधून डिम१ काढलं तर पेशी मरते. पण डिम१ जागेवर ठेवून त्याची फक्त मिथिल बसवण्याची ताकद काढून घेतली, तर पेशी जगते. म्हणजे तिथे बदलापेक्षा विकराचं उपस्थित राहणं मोलाचं. जिवाणूत याच्या उलटं टोक दिसतं. केएसजीए नसलं तर जिवाणू चालवून घेतो, पण हात बांधलेलं, मिथिल न बसवू शकणारं केएसजीए भरपूर असलं तर मोठा घोळ होतो. ते अपुऱ्या ३०एसवर बसतं आणि मिथिल बसल्याशिवाय उठत नाही. ते बसलेलं असेतो त्या ३०एसला मोठा भाग येऊन मिळू शकत नाही. २००८ साली ग्लोरिया कल्व्हर आणि जेसन राइफ यांच्या गटांनी हे पुढे आणलं. मिथिल गट बसणं ही इथे विकराला निघून जाण्याची परवानगी आहे. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उमेश वार्ष्णेय यांच्या गटाने ई. कोलायच्या १६एसवरचे मिथिल गट प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीलाच नेमकेपणा राखतात, हे दाखवलं.

केएसजीए हे नाव कासुगामायसिन या प्रतिजैविकावरून आलं. ज्या जिवाणूत हे मिथिल गट नसतात, त्यांच्यावर ते औषध चालत नाही. इथे आपण अशा जागी पोचतो जिथे हे सगळं आपल्या दवाखान्यांशी येऊन भिडतं. आपली निम्म्याहून अधिक जुनी प्रतिजैविकं रायबोसोमवर बसतात, त्याही गाभ्यातल्या आरएनएवर. त्यामुळे एका मिथिल गटाने औषधाचं नशीब फिरतं, आणि दोन्ही दिशांनी फिरतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एके काळी तयार होणारं स्ट्रेप्टोमायसिन घ्या. क्षयाच्या जंतूने १६एसवरच्या एका ‘जी’वरचा मिथिल गट बसवणारं विकर गमावलं, की त्याला स्ट्रेप्टोमायसिन थोडं सहन होऊ लागतं. कॅप्रिओमायसिनचंही तसंच, टीएलवायए हे विकर गेलं की औषधाची पकड सुटते. उलट अतिदक्षता विभागात छळणाऱ्या जिवाणूंपैकी काहींकडे एआरएमए, आरएमटी अशी बाहेरून मिळालेली विकरं असतात. ती १६एसच्या एका ‘जी’वर जास्तीचा मिथिल गट बसवतात आणि जेंटामायसिन, अमिकासिन एकदम निकामी होतात. ही युक्ती मुळात प्रतिजैविकं तयार करणाऱ्या मातीतल्या जिवाणूंची. आपल्याच विषापासून वाचायला त्यांनी स्वतःचा रायबोसोम असा झाकून घेतला होता. अशा रुग्णाच्या नमुन्यात कोणतं विकर आहे हे लवकर कळलं, तर निरुपयोगी आणि कानाला, मूत्रपिंडाला घातक अशी इंजेक्शनं टाळता येतात. ही तपासणी जिल्हा पातळीवर मिळाली पाहिजे, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

शेवटी माणसाच्या आजारांकडे येतो. डायमंड आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी १९३८ साली तान्ह्या मुलांतल्या एका पांडुरोगाचं वर्णन केलं होतं. अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होणंच थांबतं. १९९९ साली त्याचं पहिलं कारण सापडलं ते रायबोसोमच्या आरपीएस१९ या प्रथिनात. सुमारे पाव रुग्णांत हाच दोष असतो. स्यूडोयुरिडिन बसवणाऱ्या डिस्केरिनमधला दोष त्वचा, नखं आणि अस्थिमज्जा बिघडवतो. मात्र डिस्केरिन गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेजमध्येही असतं, त्यामुळे त्या आजारात रायबोसोमचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

आणि ज्या डीएचआर१विषयी मी इतकं बोललो, त्याचा मानवी अवतार म्हणजे डीएचएक्स३७. २०१९ साली अनेक देशांतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन एक्सवाय गुणसूत्रं असूनही ज्यांच्यात वृषणं नीट घडली नव्हती, किंवा गर्भात घडून नंतर नाहीशी झाली होती, अशा व्यक्तींचा जनुकीय अभ्यास केला. त्यांच्यातल्या लक्षणीय भागात डीएचएक्स३७ बदललेला निघाला. एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक कुटुंबांत तर बदल नेमका एकाच जागी होता, ३०८व्या अमिनो आम्लात. हा हेलिकेज शरीरातल्या प्रत्येक वाढत्या पेशीत यू३ सोडवतो. तो बिघडला तर सगळीकडेच दुष्परिणाम दिसायला हवा. या व्यक्तींचं रक्त, मेंदू, हाडं बहुधा ठीक असतात. बिघाड त्या एकाच अवयवात का? कदाचित गर्भातल्या त्या थोड्या आठवड्यांत तिथल्या पेशींना रायबोसोमची गरज इतकी तीव्र असते की थोडी मंदीही भोवते. कदाचित डीएचएक्स३७ तिथे आणखी एखादा आरएनए सोडवत असेल, जो आपण अजून पाहिलेलाच नाही. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत आणि साधनं आज हाताशी आहेत : त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, अतिनील किरणांनी हेलिकेजला त्याच्या जागी पकडायचं, आणि साखरेच्या नळीत यू३ कुठल्या उंचवट्याबरोबर बसलाय ते पाहायचं. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला हे काम घ्यावंसं वाटलं, तर त्याने किंवा तिने पहिला प्रश्न हाच विचारावा की त्या पेशींत यू३ सुटतो आहे का.